शेताशेजारचा आवाज मोजायचा कसा? पहिल्यांदाच मीटर हातात घेणाऱ्यांसाठी

माझ्या घरामागे, कुंपणापासून जेमतेम दीडशे मीटरवर, पोल्ट्रीच्या चार लांबलचक शेड आहेत. उन्हाळा सुरू झाला की त्यांचे पंखे रात्रभर घोंघावतात. पहिल्या वर्षी मी मोबाइलवर एक ॲप उतरवून घेतलं आणि रोज रात्री खिडकीत उभा राहून आकड्यांचे स्क्रीनशॉट काढले. एकूण ४७. ते घेऊन तक्रार करायला गेलो, तर समोरच्या अधिकाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारले. "पंखे बंद असताना किती येतो? आणि वारा कुठून होता?" माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. फाइल तिथेच मिटली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मोजलं, या वेळी नीट. त्यात जे कळलं ते पायरीपायरीने लिहितो. तुमच्या शेजारी मळणीयंत्र असो, धान्य सुकवायचं यंत्र असो, डिझेल पंप, शीतगृहाचा कंप्रेसर किंवा पाखरं हाकलायची गॅसची तोफ असो, पद्धत हीच. तुम्ही तक्रारदार नसून शेड चालवणारे असाल तरीही हीच.

१. मीटर नंतर, नियम आधी

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक आधी मोजतात आणि मग त्या आकड्याला लागू पडेल असा नियम शोधतात. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा प्रश्न विचारतो. तो प्रश्न कळल्याशिवाय काय मोजायचं हेच ठरत नाही.

भारतात ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. त्यात परिसराचे चार प्रकार आहेत: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी(ए), म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे मोजलेले डेसिबल, अशी मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. आता यात 'शेती' नावाचा प्रकारच नाही! संमिश्र वापराचा भाग चारपैकी कशात धरायचा हे सक्षम अधिकारी ठरवतात. त्यामुळे आपली जागा कशात मोडते हे आधी लेखी विचारून घ्या. याच नियमांत आणखी एक बारकावा आहे. मर्यादा १० डीबी(ए) किंवा त्याहून जास्त ओलांडली गेली, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, तर नागरिक तक्रार करू शकतो. मर्यादा ओलांडणं आणि तक्रारीला पात्र ठरणं या दोन गोष्टी एक नाहीत.

ब्रिटनमध्ये यंत्रांच्या आवाजासाठी बीएस ४१४२ हे मानक वापरतात. ते ठरावीक मर्यादा सांगतच नाही. यंत्राचा आवाज तिथल्या नेहमीच्या शांततेपेक्षा किती वर चढतो, एवढंच ते विचारतं. फरक ५ डेसिबलच्या आसपास असेल तर त्रासाची शक्यता, १० किंवा जास्त असेल तर गंभीर त्रासाची. अर्थात परिस्थिती पाहून. अमेरिकेत १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, पण घरापाशी लागू होणाऱ्या मर्यादा राज्यं, काउंट्या आणि शहरं ठरवतात. शिवाय पन्नासही राज्यांत शेतीला उपद्रवाच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे आहेत.

म्हणून नियमात सवलतीचं कलम सर्वांत आधी वाचा. हंगामी कामं, कापणी, पिकाचं रक्षण यांना पुष्कळदा वेगळी वागणूक असते. तुमची तक्रार त्या सवलतीतच बसत असेल, तर पुढची सगळी मेहनत वाया.

नियम वाचून झाला की एका कागदावर एवढं उतरवून ठेवा: कोणतं परिमाण मोजायचं, कुठे मोजायचं (हद्दीवर की घराच्या भिंतीपाशी), कोणत्या वेळेत, सलग किती मिनिटं, आणि मीटर कोणत्या दर्जाचा. कागदावरच्या एखाद्या ओळीपुढे उत्तर नसेल तर कार्यालयात जाऊन विचारा.

२. चार शब्द समजून घ्या, पुरे

डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. सारखे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज दुप्पट आकड्याचा होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. साधारण १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट वाटते.

'ए' भारांकन म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे केलेली गाळणी. डीबी(ए) मधला 'ए' तोच. बहुतेक नियम याच भाषेत बोलतात.

एल-इक्यू म्हणजे चढउतारांच्या आवाजातली ऊर्जा सरासरी करून काढलेली एकच पातळी. ही साधी बेरीज-भागाकाराची सरासरी नव्हे. एका तासात १५ मिनिटं ६० डेसिबल आणि उरलेली ४५ मिनिटं ४५ डेसिबल असेल, तर आपण वहीत सरासरी काढतो ४८.७५. खरी एल-इक्यू येते ५४.४. थोडा वेळ चाललेला मोठा आवाज सगळा हिशेब आपल्याकडे ओढतो. म्हणून स्क्रीनशॉटवरच्या आकड्यांची सरासरी कधीही काढू नका. मी ४७ आकड्यांची काढली होती.

एल-९० म्हणजे मोजणीच्या ९० टक्के वेळात जी पातळी ओलांडली गेली ती. मधूनच गेलेली गाडी किंवा भुंकलेलं कुत्रं यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. तिथली मुळातली शांतता किती, हे हाच आकडा सांगतो.

३. साधनं आणि कागदपत्रं

– ध्वनिमापक: आयईसी ६१६७२ मानकानुसार वर्ग १ किंवा वर्ग २. एल-इक्यू आणि एल-९० स्वतः काढणारा हवा. फक्त क्षणाक्षणाचा आकडा दाखवणारा मीटर या कामाला अपुरा.
– कॅलिब्रेटर: मायक्रोफोनवर बसवायचा छोटा डबा. तो १००० हर्ट्झला ९४ किंवा ११४ डेसिबलचा ठरलेला आवाज देतो.
– मीटर आणि कॅलिब्रेटर, दोन्हींची चालू मुदतीची तपासणी प्रमाणपत्रं.
– स्पंजचा वाराबोंडा (वारा अडवायला मायक्रोफोनवर चढवायचा), तिकाटणं (ट्रायपॉड), वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र.
– मोजपट्टी, घड्याळ, वही, बॅटरी, जादा सेल.
– जागेचा नकाशा किंवा उपग्रहचित्राची छापील प्रत, स्वतःच्या घराचा पुरावा, लागू नियमाची प्रत.

मीटर विकत घ्यायलाच हवा असं नाही. भाड्याने मिळतो, किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मोजणी करून घेता येते. प्रकरण कोर्टापर्यंत जाईल असं वाटत असेल तर शेवटची मोजणी त्यांच्याकडूनच करून घ्या. पण त्याआधी स्वतः एकदा मोजा, म्हणजे त्यांना कोणत्या रात्री आणि कुठे बोलवायचं ते कळेल.

मोबाइलचं काय? अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेने आयफोनसाठी काढलेलं मोफत ॲप चांगलं आहे. आपल्याला खरंच काही मोजण्यासारखं आहे का, एवढं त्याने समजतं. पण मोबाइलचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. शांत रात्री किंवा पंख्यांच्या जाड घरघरीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

स्वस्त मीटरमध्येही एक खोच आहे. त्यातल्या कित्येकांची मोजपट्टी ३० डेसिबलपासून सुरू होते. उघड्या रानात रात्री त्याहूनही शांत असू शकतं. मग मीटर ३० दाखवतो आणि तुम्हाला वाटतं तीच तिथली शांतता.

४. जागा ठरवा आणि तिथे खुंटी ठोका

खुंटी खरोखरच ठोका. माझ्या पहिल्या वर्षीच्या नोंदी कधी खिडकीतल्या, कधी ओट्यावरच्या, कधी कुंपणापाशी. त्यांची एकमेकींशी तुलनाच होईना.

नियमात उंची दिलेली नसेल तर मायक्रोफोन जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर ठेवा. भिंत, पत्रा, उभी गाडी यांपासून किमान ३.५ मीटर दूर राहा. भिंतीसमोर एखाद्या मीटरवर मोजलं तर परत फिरलेला आवाज मिसळून आकडा साधारण ३ डेसिबलने फुगतो. काही नियम मुद्दाम भिंतीपुढेच मोजायला सांगतात. मग तसंच मोजा, फक्त नोंदीत तसं लिहा. खिडकीतून हात बाहेर काढून मोजू नका. ती ना घरातली मोजणी, ना बाहेरची.

दुसऱ्याच्या बांधाच्या आत पाऊल टाकू नका. परवानगीशिवाय आत जाऊन मोजलेला आकडा कितीही खरा असला, तरी पुढे बोलणं आकड्यावर न होता तुमच्या घुसखोरीवर होतं. मीटरमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असेल तर यंत्राचा आवाज टिपा, माणसांची बोलणी नव्हे.

५. हवामान पाहा

वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर असेल तर मोजू नका. स्पंज असला तरी वारा मायक्रोफोनवर आपटून स्वतःचाच आवाज करतो. पाऊस किंवा ओली जमीन असेल तरीही नको.

वाऱ्याची दिशा तर लिहायलाच हवी. शेडकडून घराकडे मंद वारा असेल तर आवाज जास्त पोहोचतो, उलट असेल तर कमी. निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर गार होते आणि वरची हवा उबदार राहते. तेव्हा वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा ऐकूही न येणारा पंप रात्री उशाशी चालल्यासारखा वाटतो, तो यामुळे. त्यामुळे "काल तर एवढा नव्हता" या वाक्यावर शेजाऱ्याशी भांडू नका. कदाचित पंख्याचा वेग तोच असेल, बदलली असेल ती हवा.

६. प्रत्यक्ष मोजणी

कॅलिब्रेटर लावा, आकडा जुळवा, वेळ लिहा. मीटर तिकाटण्यावर बसवा, 'ए' भारांकन आणि नियमात सांगितलेला प्रतिसाद (मीटर बदल किती झटपट टिपतो तो) निवडा. 'फास्ट' म्हणजे ०.१२५ सेकंद, 'स्लो' म्हणजे १ सेकंद. मीटर सुरू करून दोन-चार पावलं मागे सरका आणि गप्प बसा. मोजणी संपली की पुन्हा कॅलिब्रेटर लावा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यात ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर ती मोजणी सोडून द्या.

मधल्या वेळात वहीत मिनिटागणिक लिहा: १०.४२ ट्रॅक्टर गेला, १०.४७ कुत्रं, १०.५१ तिसऱ्या शेडचा पंखा सुरू झाला. मीटर फक्त आकडा सांगतो, तो कशाचा हे सांगत नाही. ही वही नंतर आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडते.

एका रात्रीवर थांबू नका. मी वेगवेगळ्या पाच रात्री मोजलं आणि यंत्र पूर्ण जोरात चालू असतानाच्याच वेळा निवडल्या.

७. यंत्र बंद असताना मोजा

पहिल्या वर्षी माझं जे चुकलं ते हेच. सगळं चालू असताना मीटरला जो आकडा येतो त्यात रस्ता असतो, झाडं असतात, इतर घरंही असतात. त्यात शेडचा वाटा किती हे कळायला शेड बंद असताना, त्याच खुंटीवर, त्याच वेळी, तशाच हवेत मोजावं लागतं.

मी शेडमालकांकडे गेलो आणि म्हणालो, "काका, रात्री अर्धा तास पंखे बंद ठेवता येतील का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "अर्ध्या तासात निम्म्या कोंबड्या जातील. उन्हाळा आहे बाबा." त्यांचं बरोबर होतं. बंद शेडमध्ये वारा थांबला की उष्मा चढायला वेळ लागत नाही. पण त्यांनीच पुढे सुचवलं, की एक बॅच गेल्यावर दुसरी यायच्या आधी शेड धुऊन रिकाम्या ठेवतात, तेव्हा ये. दूधसंकलनाचा कूलर असेल तर तो आपोआप थांबतो ती मिनिटं पकडा. सुकवणीयंत्र असेल तर भरणी-उतरणीच्या मधला वेळ.

काहीच थांबवता येत नसेल तर दुसरी जागा शोधा. ती त्याच रस्त्यापासून तितक्याच अंतरावर आणि तशाच वस्तीत हवी, फक्त यंत्राचा आवाज तिथे पोहोचत नसावा. तिथे मोजा आणि ती जागा का निवडली ते लिहा.

यातली खरी गोष्ट सांगू? विचारायला गेलो म्हणून आमचं बोलणं सुरू झालं. तोवर ते मला फक्त 'तक्रारवाला' म्हणून ओळखत होते.

८. रातकिडे आणि घरघर: मीटर दोन्हीकडून फसवतो

एका रात्री ५४ आला आणि मी खूश झालो. मग मीटरवर ऑक्टेव्ह पट्ट्यांनुसार, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचे गट पाडून, आवाज उघडून पाहिला, तर सगळा जोर ४००० हर्ट्झच्या आसपास. ते रातकिडे होते! पंख्यांचा आवाज खाली, २५० हर्ट्झच्या आतच होता. रातकिड्यांचा, बेडकांचा हंगाम असेल तर ऑक्टेव्ह पट्ट्या दाखवणारा मीटरच घ्या, किंवा त्यांचा जोर नसलेल्या रात्री मोजा.

याच्या उलट घोळ घरघरीचा. सहा पात्यांचा मोठा पंखा मिनिटाला ४५० फेऱ्या घेत असेल तर त्याच्या पात्यांचा सूर ४५ हर्ट्झला पडतो (४५० भागिले ६०, गुणिले ६). 'ए' गाळणी ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल कापून टाकते. म्हणजे छातीत जाणवणारी, खिडकीची काच थरथरवणारी घरघर डीबी(ए) मध्ये जवळपास दिसतच नाही. एकदा 'सी' भारांकनानेही मोजा. ही गाळणी खालचे सूर फारसे कापत नाही. 'सी' आणि 'ए' मधला फरक १५ ते २० डेसिबलच्या वर गेला तर आवाज खालच्या सुरांचा आहे, असं अहवालात नमूद करा.

गॅसच्या तोफेचं गणित आणखी वेगळं. तासाभराच्या एल-इक्यूमध्ये तिचे चार बार विरघळून जातात. तिथे प्रत्येक बाराची कमाल पातळी आणि तासातले बार मोजा. आयएसओ १९९६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ठोक्यासारख्या आवाजाला ५, अतितीव्र ठोक्याला १२ आणि स्पष्ट सूर असलेल्या आवाजाला ३ ते ६ डेसिबलची भर धरतात. तुमच्याकडचा नियम अशी भर मानतो की नाही ते पाहा, आपल्या मनाने घालू नका.

९. हिशेब

यंत्र चालू आणि बंद या दोन आकड्यांत १० डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर काही वजा करायची गरज नाही. ३ ते १० च्या मध्ये असेल तर दुरुस्ती करा: फरक ४ असेल तर चालू आकड्यातून २.२ वजा, ५ ला १.७, ६ ला १.३, ७ ला १. फरक ३ पेक्षा कमी असेल तर यंत्राचा वाटा खात्रीने सांगता येत नाही. मग दुसरी रात्र शोधायची.

माझे आकडे असे होते. पंखे चालू असताना एल-इक्यू ५१, बंद असताना ४५. फरक ६, म्हणून पंख्यांचा वाटा ४९.७. बंद असतानाची एल-९० होती ३८.

हेच आकडे दोन नियमांना दाखवून बघा. रात्री ४५ ची निवासी मर्यादा धरली तर ५१ म्हणजे ६ ने जास्त. मर्यादा मोडली, पण १० चा फरक नाही. शिवाय पंखे बंद असतानाच रस्त्यामुळे ४५ भरतात, हा मुद्दा समोरचा काढणारच. बीएस ४१४२ च्या पद्धतीने मात्र ४९.७ म्हणजे ५०, स्पष्ट ऐकू येणाऱ्या सुराचे ४ मिळवून ५४, त्यातून शांततेचे (एल-९०) ३८ गेले, उरले १६. गंभीर त्रासाकडे बोट दाखवणारा आकडा. आवाज तोच, घर तेच, शेड त्याच. म्हणूनच पहिल्या पायरीवर एवढं अडून बसलो.

मीटरच्या अचूकतेलाही मर्यादा असतात. मर्यादेपेक्षा एखाद्या डेसिबलने जास्त आलेल्या आकड्यावर लढाई उभारू नका.

१०. अहवाल आणि त्यानंतर

दोन-तीन पानं पुरतात. जागेचा नकाशा, अंतरं, मीटरचा अनुक्रमांक, प्रमाणपत्रांच्या प्रती, कॅलिब्रेशनचे आधीचे-नंतरचे आकडे, तारीख, वेळ, वारा, तापमान, चालू आणि बंद दोन्ही मोजण्या, नियमाचं नेमकं कलम. गैरसोयीची रात्रही त्यात ठेवा. सगळ्या रात्री एकसारख्या मोठ्या दिसल्या की वाचणाऱ्याला शंका येते. 'असह्य', 'भयानक' हे शब्द काढून टाका. झोपमोडीबद्दल लिहायचं असेल तर किती वाजता जाग आली ते लिहा.

माझा अहवाल कार्यालयात जाण्याआधी शेडमालकांकडे गेला. त्यांनी मिस्त्री बोलावला. दोन पंख्यांचे पट्टे सैल निघाले, एकाचं बेअरिंग गेलेलं होतं, आणि झडपा सुटून खडखडत होत्या. शक्य असेल तिथे पंख्याचा वेग कमी करणं हाही चांगला उपाय. वेग २० टक्क्यांनी उतरला तर आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो. मात्र जनावरांना किती वारा लागतो हे त्यांच्या पशुवैद्यकांनी ठरवायचं, आपण नव्हे.

दुरुस्तीनंतर त्याच खुंटीवर, तशाच वाऱ्यात पुन्हा मोजलं. चालू असताना ४८, बंद असताना पूर्वीइतकाच ४५. काका जरा हिरमुसले, "एवढं करून तीनच?" मग वहीत मांडून दाखवलं: या वेळी फरक बरोबर ३, म्हणजे पंख्यांचा वाटा आता ४५. आधी तो ४९.७ होता. खुंटी अजून काढलेली नाही, पुढच्या उन्हाळ्यात लागेल.